आईनं सही दिली नाही. बरोबर केलं का चूक?

मांजराकाठचा

औशाजवळचं गाव आमचं. आईची शुगर नऊ-दहा वर्षांपासूनची. पायाला मुंग्या येतात, चप्पल निसटली तरी कधी कधी कळत नाही. मागच्या मंगळवारी लातूरला सरकारी दवाखान्यात नेलं, तर ओपीडीतल्या एका तरुण डॉक्टरनं विचारलं, आजी आमच्या अभ्यासात येता का? नवी गोळी नाही, चालू औषध बदलणार नाही. वर्षभर दर तीन महिन्यांनी यायचं, रक्त-लघवी द्यायची आणि तळपायाला नायलॉनचा बारीक दोरा टेकवून कुठं कळतंय, कुठं नाही ते लिहून घ्यायचं. तपासण्या फुकट.

पोरगं बोलायला गोड होतं. दोरा लावून दाखवला त्यानं. आईनं डोळे मिटलेले. अंगठ्याच्या खाली दोरा पार वाकेपर्यंत टेकवला तरी ती म्हणते, "लाव की मग." मला तिथंच कसंतरी झालं.

मग त्यानं चार पानांचा कागद काढला आणि सही मागितली. आई स्टुलावरून उठलीच. "रगत घे, मूत घे, पाय चिरून बघ. सही न्हाई." झालं. एसटीत मी चिडचिड केली तेव्हा म्हणाली, "तुझ्या आज्यानं असाच एक अंगठा दिलता. दीड एकर गेलं."

हीच बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न बोलता अंगठा देऊन मोकळी झाली होती. म्हणजे भीती सुईची नाही, ऑपरेशनची नाही. मग कशाची?

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग हाणा. आपल्याकडचा पेशंट अडाणी आहे म्हणून नाही म्हणतो, हे मला पटत नाही. आमच्या गावात दोनदा लोक येऊन माहिती लिहून घेऊन गेले. एकदा बोअरच्या पाण्याबद्दल, एकदा बाळंतपणाबद्दल. घरोघरी चहा झाला, वजनं झाली, रक्त घेतलं. पुढं काय निघालं ते आजपर्यंत कुणी सांगायला आलं नाही. सोयरीक बघायला येऊन पोहे खाऊन गेलेल्या पाहुण्यानं सुद्धा नकार कळवायची रीत आहे आपल्यात. हे लोक तेवढंही करत नाहीत. मग लोक नाही म्हणाले तर त्यांचं चुकलं काय?

तरी मला वाटतं आईनं हो म्हणायला हवं होतं. हे दोन्ही एकदमच वाटतंय.

डॉ. खुरपं

दादा, मी त्या तरुण डॉक्टरच्याच जातीतली. एमडीच्या दुसऱ्या वर्षाला, मराठवाड्यातच. थीसिसशिवाय आम्हाला परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे तुमच्या आईसमोर कागद घेऊन बसलेल्या पोराला तिची गरज होती, तिला त्याची नव्हती. हे मान्य करूनच पुढचं लिहिते.

तुमच्या आईसारखी नाही म्हणणारी पेशंट मला आवडते. त्रास होतो तो दुसऱ्यांचा. मी माहिती सांगायला सुरुवात करते, दुसऱ्या वाक्याला समोरचे काका म्हणतात, "म्याडम, कुठं लावू अंगठा?" ऐकून तर घ्या म्हटलं की म्हणतात, "तुम्ही काय वाईट सांगणार आहे का." हा विश्वास नव्हे. नाही म्हटलं तर पुढच्या खेपेला गोळ्या मिळतील का नाही याची धास्ती असते त्याच्यामागं. मी दरवेळी सांगते, नाही म्हटलं तरी इलाज हाच, रांग हीच, गोळ्या ह्याच. ते मान डोलावतात. पटलेलं नसतं.

सहीबद्दल मात्र एक गैरसमज आहे. लोकांना एकच कागद माहीत, ऑपरेशनच्या आधीचा. त्याचा अर्थ गावात "काही झालं तर दवाखाना जबाबदार नाही" असाच लावला जातो. त्यामुळं संशोधनाचा कागद दिसला की तोच वाटतो. खरं तर हा कागद उलट्या दिशेचा आहे. तुमचा हक्क सोडून देताय असं वाक्य त्यात घालताच येत नाही. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं. नव्या औषधाच्या चाचणीत इजा झाली तर इलाज फुकट आणि भरपाई, हे २०१९ च्या नियमांत लिहिलेलं आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी बाहेरचा, निःपक्ष साक्षीदार पूर्ण वेळ हजर पाहिजे आणि त्याचीही सही पाहिजे.

नुस्तं बघणारा

साक्षीदार कोण असतो म्याडम? वॉर्डबॉय?

डॉ. खुरपं

बऱ्याचदा शेजारच्या कॉटवरचा नातेवाईक. वॉर्डबॉय चालत नाही. पण खरं सांगायचं तर, हो, तसंही होतं.

कोर्टाबाहेर

हे शेवटचं वाक्य लिहिल्याबद्दल डॉक्टरताईंचे आभार. आता माझं.

मी बीडला वकिली करतो. आईनं बरोबर केलं, आणि धागाकर्त्यानं तिच्यावर चिडायला नको होतं. गरीब पेशंटच्या हातात दवाखान्यात एकच गोष्ट असते, ती म्हणजे नाही म्हणणं. बाकी सगळं दुसरे ठरवतात: कोणत्या रांगेत उभं राहायचं, कोणत्या खिडकीवर जायचं, किती वाजता या.

आमच्या जिल्ह्याचं उदाहरण घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण २०१९ ला गाजलं. पाहणी झाली तेव्हा ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजार ८०० च्या वर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळी आली की खाडा, खाडा पडला की मुकादम दंड कापतो. एखादी पोटात दुखतंय म्हणून खासगीत गेली की डॉक्टर म्हणणार, पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल. प्रत्येकीच्या फाईलला संमतीचा कागद लावलेला असतो. त्याच्यावर सह्याही असतात, अंगठेही असतात. कायद्यानं सगळं चोख. आता अशा बाईला परत कागद दाखवून "ताई, हा वेगळा आहे" म्हणून पटवायला कोण तयार आहे?

दुसरं, २००९-१० ला आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात (आता तेलंगणात) आणि गुजरातेत वडोदऱ्याकडं १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस देण्याचा प्रकल्प चालला. खम्मममध्ये आश्रमशाळांच्या मुली होत्या, आणि कित्येक फॉर्मवर आई-बापाच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या. एप्रिल २०१० मध्ये थांबवावं लागलं. संसदीय समितीनं २०१३ च्या अहवालात धारेवर धरलं. मुलींचे मृत्यू लशीमुळं झाले असं चौकशीत निघालं नाही, हे मीच सांगतो, नाहीतर डॉक्टरताई सांगतील. मुद्दा लशीचा नाहीच. सही कुणाची चालली, हा आहे. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळेत मुख्याध्यापिकेनं अशी सही केली असती का?

पुणेरी नाही

मूळचा परभणीचा, २०२० ला पुण्यात होतो. कोविडच्या एका लशीच्या चाचणीत मी स्वतः होतो. कुणी बळजबरी केली नव्हती. मी का गेलो? देशसेवा वगैरे नंतर सुचलं. लस सगळ्यांच्या आधी मिळेल, हा हिशोब होता.

अनुभव सांगतो. दंडाला सुई दिली, अर्धा तास बसवलं. एक छोटी वही दिली, ताप किती, दुखतंय का, रोज लिहायचं. खरी लस का नुसतं पाणी, हे मला माहीत नाही, सुई देणाऱ्या सिस्टरला पण माहीत नाही. ठरावीक दिवसांनी एका मॅडमचा फोन यायचा. माझ्या घरून तेवढ्या वेळा फोन येत नव्हता तेव्हा. शेवटी कळलं, मला पाणीच मिळालं होतं. मग बोलावून खरी लस दिली.

माझ्यावर प्रयोग झाला का? झाला. पण मला माहीत होतं. आणि फोन येत होता. धागाकर्ते म्हणतात त्यात तथ्य आहे, फोन आला की माणूस बांधला जातो.

कोर्टाबाहेर

तुम्ही शिकलेले, पुण्यात राहणारे, नको वाटलं तर उठून जाऊ शकणारे. तुमचं हो आणि संभाजीनगरच्या घाटी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीबाहेर लेकराला घेऊन जमिनीवर बसलेल्या बाईचं हो, एकाच तराजूत घालू नका.

डॉ. खुरपं

वकीलसाहेब, तुमची दोन्ही उदाहरणं खरी. पण पहिलं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं, बघा. पिशव्या काढल्या गेल्या त्या संशोधनाच्या नावाखाली नाहीत. ते "इलाज" म्हणून झालं. कुणी आकडा मोजत नव्हतं, कुणी विचारत नव्हतं, पेशंटवर अन्याय होत नाही ना हे बघणारी कुठली नैतिकता समिती नव्हती, म्हणून चाललं. घरोघरी जाऊन पाहणी झाली तेव्हा ते बाहेर आलं, आणि ती पाहणी म्हणजे सुद्धा बायकांनी उत्तरं देणंच होतं की! त्यांनी "आम्ही काही सांगत नाही" म्हणून दार लावलं असतं तर हे १३ हजार तुम्हाला कुठून मिळाले असते?

औषधाच्या चाचणीला कमीत कमी सात जणांची समिती लागते. निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्ष बाहेरचा, एक बाई, एक कायदेवाला, एक सामान्य माणूस. रोजच्या ओपीडीत मी काय लिहून देते हे बघायला एकही समिती नाही. पेशंट भितो समितीवाल्या कागदाला आणि बिनधास्त गिळतो बिनसमितीची गोळी.

कोविडमधला प्लाझ्मा आठवतोय का, बऱ्या झालेल्या पेशंटच्या रक्तातलं पिवळं पाणी? २०२०-२१ ला आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर "बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीनं पाहिजे, संभाजीनगर" असे मेसेज रोज. तेव्हा औरंगाबाद. लोकांनी गाड्या काढून रात्री-अपरात्री डोनर आणले. आयसीएमआरनं, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं, ३९ दवाखान्यांत ४६४ पेशंटवर तपासून बघितलं होतं, काहींना प्लाझ्मा, काहींना नाही. फरक पडला नाही. हे ऑक्टोबर २०२० ला छापून आलं. ते ४६४ जण ऑक्सिजनवर असताना हो म्हणाले म्हणून आपल्याला कळलं.

नुस्तं बघणारा

ऑक्टोबर २०२० ला कळलं म्हणता. माझा चुलता एप्रिल २१ ला गेला. त्याच्यासाठी आम्ही दोन पिशव्या प्लाझ्मा आणला, सोळा-सोळा हजाराला. डॉक्टरनंच चिठ्ठी दिली होती. मग ते चारशे चौसष्ट जण कुणासाठी हो म्हणाले होते?

डॉ. खुरपं

याला माझ्याकडं उत्तर नाही. सरकारी सूचनेतून प्लाझ्मा काढला तो १७ मे २०२१ ला.

मांजराकाठचा

नुस्तंबघणारे भाऊ, वाईट वाटलं. हाच माझा मुद्दा आहे, फक्त मला तो इतक्या सरळ मांडता आला नव्हता. लोकांनी रक्त दिलं, अंग दिलं, निघालेलं उत्तर त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. पेशंटपर्यंत राहू द्या, चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरपर्यंत पोचलं नाही.

तेरणेची लेक

मी धाराशिव जिल्ह्यातली, आता सासर उमरग्याकडं. एक गोष्ट विचारायची होती. लहानपणी, म्हणजे दोन हजार सालाच्या आसपास, आमच्या गावात पांढरी जीप यायची. शाळेच्या एका खोलीला पडदे लावायचे आणि तीस वर्षांच्या वरच्या बायकांना आत बोलवायचे. आई-मावशी-चुलती सगळ्या नटून गेल्या होत्या, लग्नाला गेल्यासारख्या. आम्हा पोरींना हाकलून लावलं. आईला पुढं बार्शीला नेलं होतं एकदा, "गाठ नव्हती, नुसता डाग होता" म्हणायची. काय होतं ते? कुणाला माहीत आहे का? आईला विचारलं तर म्हणते, "कायतरी बायकांचं होतं."

डॉ. खुरपं

ताई, तीच जीप का दुसरी कुठली, ते मी इथून सांगू शकत नाही. पण तो काळ आणि तो भाग गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या एका मोठ्या अभ्यासाचा आहे, आणि तो आमच्या पुस्तकात आहे.

१९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था. गावांचे ५२ गट पाडले, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका. चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून गट चार भागांत वाटले. एका भागात हा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, एकात पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेऊन बघणं), एकात व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघणं, आणि चौथ्या भागात तपासणी नाही, फक्त माहिती आणि तपासायचं असेल तर कुठं जायचं ते सांगणं. तपासणी आयुष्यात एकदाच. आठ वर्षं पाठपुरावा.

निकाल २००९ ला आला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं मेलेल्या बायका: एचपीव्ही तपासणीच्या भागात ३४, तपासणी नसलेल्या भागात ६४. एकदा केलेल्या एका तपासणीनं मरणं जवळजवळ निम्म्यावर. आज जागतिक आरोग्य संघटना सगळ्या जगाला सांगते, की पहिली तपासणी एचपीव्हीची करा. त्याच्यामागच्या महत्त्वाच्या पुराव्यांत तुमच्या जिल्ह्याचा हा अभ्यास आहे. परंडा, भूम, कळंब इकडच्या बायांनी लाजत-बुजत पडद्यामागं जाऊन दिलेला पुरावा. मला तर ते वाचताना अंगावर काटा आला होता.

कोर्टाबाहेर

माझ्याही अंगावर काटा आला होता, पण दुसऱ्या आकड्याला. ६४.

चौथ्या भागातल्या साडेएकतीस हजार बायकांना "तपासायचं असेल तर दवाखान्यात जा" एवढंच सांगितलं. २००० साली वाशीच्या एखाद्या खेड्यातली बाई खालच्या अंगाची तपासणी करायला एकटी तालुक्याला जाईल? तिच्या नवऱ्यानं पाठवलं असतं? हे सगळ्यांना माहीत होतं. अमेरिकेतल्या एका डॉक्टरनंच नंतर आक्षेप घेतला, की तपासणीचा उपयोग होतो हे आधीपासून माहीत असताना हजारो बायकांना तपासणीविना का ठेवलं? पैसा देणाऱ्यांच्या देशात हे केलं असतं का? पैसा गेट्स फाउंडेशनचा होता, अमेरिकेतला. अमेरिकेत असा चौथा गट कुणी करू दिला नसता.

डॉ. खुरपं

आक्षेप मला माहीत आहे आणि तो हलका नाही. पण दुसरी बाजू अशी, की १९९९ ला आपल्या खेड्यांत तपासणी नव्हतीच. त्या बायकांकडून काही काढून घेतलं नाही. अमेरिकेत पॅप स्मिअर होत होता कारण तिथं प्रयोगशाळा, पेशी तपासणारे सायटोलॉजिस्ट, दरवर्षी बोलावणारी यंत्रणा होती. आपल्याकडं एका खेपेत, एका तपासणीत काय जमतं, हाच प्रश्न होता. बघा ना, निकालात पॅप स्मिअरच्या भागात ५४ आणि व्हिनेगरच्या भागात ५६ मृत्यू. ६४ च्या मानानं हा फरक ठाम म्हणता येत नाही. चौथा भाग नसता तर या दोन्ही तपासण्या इथं एका खेपेत विशेष उपयोगाच्या नाहीत, हे कळलंच नसतं आणि आपण गावोगाव तेच करत बसलो असतो.

कोविडमधलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड तसंच. ब्रिटनमध्ये २,१०४ जणांना दिलं, ४,३२१ जणांना नेहमीचाच इलाज. व्हेंटिलेटरवरच्यांत मृत्यू एक तृतीयांशानं कमी झाले. काही रुपयांची गोळी. ज्यांना मिळाली नाही त्यांच्यामुळंच कळलं.

कोर्टाबाहेर

फरक आहे. त्या ४,३२१ जणांना कळत होतं की आपण चाचणीत आहोत आणि चिठ्ठी कुठलीही निघू शकते. आणि डेक्सामेथासोन कोविडात चालतं का, हे तेव्हा खरंच कुणाला माहीत नव्हतं.

शिवाय तुम्ही म्हणता "काही काढून घेतलं नाही". आमच्याकडं सावकार पण हेच म्हणतो.

बाभूळबन

सावकाराची उपमा जरा जास्तच झाली वकीलसाहेब. मी हिंगोलीकडं आशा वर्कर आहे, बारा वर्षं झाली. मोठं मोठं मला कळत नाही, पण एक बोलते.

मागं एका अभ्यासाचे फॉर्म आम्हाला भरून घ्यायला दिले होते. मराठीतच होता फॉर्म. त्यात लिहिलेलं, "आपणांस यादृच्छिक पद्धतीने दोहोंपैकी एका गटात समाविष्ट करण्यात येईल." मी दोनदा वाचलं, मला कळलं नाही. सुपरवायझरला विचारलं, तिला कळलं नाही. मग मी घरोघर सांगितलं, "बघा, चिठ्ठी टाकणार. अ निघाली तर ही गोळी, ब निघाली तर ती. डॉक्टरच्या हातात नाही, तुमच्या हातात नाही." सगळ्यांना कळलं. भिशी सगळ्या बायका लावतात. चिठ्ठीत डावलणं नसतं हे त्यांना शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी एका सासूनं विचारलं, "मग चिठ्ठी आमच्या समोर फोडणार का?" आता याचं काय उत्तर देणार! कंप्युटर फोडतो म्हणलं. तिनं नाव काढून घेतलं. तिचं चुकलं असं मला वाटत नाही, भिशीत सगळ्यांसमोरच फोडतात.

नुस्तं बघणारा

ताई लई भारी. "यादृच्छिक" लिहिणाऱ्यालाच गटात टाका.

मांजराकाठचा

आशाताईंचं वाचून एक आठवलं. गडचिरोलीला बंग डॉक्टर नवराबायकोनं बाळांच्या मरणाचा जो अभ्यास केला, त्यात पण ३९ गावांत घरी जाऊन बाळाची काळजी आणि ४७ गावांत नाही, असंच होतं. १९९९ ला छापून आलं, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. म्हणजे वकीलसाहेबांच्या हिशोबानं ४७ गावांवर अन्याय. पण ते लोक तिथंच राहिले. काम गावातल्याच बायांना शिकवलं, निघालेलं सगळ्या देशात गेलं, आज आशाताई बाळाचं वजन करायला घरी येतात त्याचं मूळ त्यात आहे. मी चुकत असेन तर सांगा, पण माझ्या मनात तुलना होते ती इथंच. प्रयोग करणारा माणूस प्रयोगानंतर कुठं असतो?

तेरणेची लेक

मी आत्ता आईला फोन केला होता. डॉक्टरताईंनी लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. तिला आकडे काही समजले नाहीत. मग म्हणाली, "म्हंजी आमच्यामुळं परदेशातल्या बाया वाचल्या म्हणती का?" मी म्हटलं, ती जीप तीच होती का माहीत नाही, पण हो, इथल्या बायांमुळं. जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "तवा कुणी बोललं असतं तर तुझ्या चुलतीला पण ओढून नेली असती मी. ती भ्यायली होती."

चुलती २०११ ला गेली. कशानं ते लिहीत नाही.

कोर्टाबाहेर

ताई, हे वाचून थांबलो. माझं मत तेच आहे, पण यावर वाद घालायचा नाही मला.

पुणेरी नाही

विषय जरा हलका करतो. औषधांच्या सगळ्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय नावाच्या सरकारी साईटवर करावी लागते, जून २००९ पासून सक्तीची आहे. कुणीही बघू शकतं. आत्ता बसून आपल्याकडच्या शहरांची नावं टाकून बघितली. भरपूर निघतात, आयुर्वेदाच्या पण पुष्कळ. पण सगळं इंग्रजीत. आशाताईंनी सांगितलेल्या त्या सासूनं नाव टाकलं तर तिला काय कळणार.

डॉ. खुरपं

माझ्या थीसिसची पण नोंद तिथंच आहे, गाईडनं आधीच करायला लावली. निकालाचा रकाना कित्येकांचा रिकामाच राहतो. माझाही राहील की काय, असं आज पहिल्यांदा वाटलं.

एक करता येईल. माझ्या पेशंटपैकी निम्म्यांकडं साधा फोन आहे. थीसिस संपला की काय निघालं ते दोन मिनिटांच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवीन. गाईड म्हणतील, समितीची परवानगी काढ. काढते.

कोर्टाबाहेर

पाठवाल तेव्हा इथं टाका. नुसतं "आपल्या सहकार्याबद्दल आभार" असेल तर मोजणार नाही.

मांजराकाठचा

आठ दिवसांनी लिहितोय. परवा आईला परत नेलं, गोळ्या संपल्या होत्या. तो पोरगा ओळखून आला. मी बाहेर घेऊन तीन गोष्टी विचारल्या. मध्येच नको वाटलं तर? म्हणाला, फोन करायची सुद्धा गरज नाही, येऊ नका फक्त. कागदाची कॉपी आमच्याकडं राहील का? म्हणाला, राहायलाच पाहिजे. निघालेलं सांगणार का? इथं तो घुटमळला. मग फाईलच्या मागच्या बाजूला पेनानं स्वतःचा नंबर लिहिला आणि म्हणाला, मी विसरलो तर तुम्ही करा.

आईला सगळं सांगितलं. नुस्तंबघणारे भाऊंच्या चुलत्याचं पण सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि परत नाहीच म्हणाली! कारण वेगळं निघालं. "दर तीन महिन्याला लातूर म्हंजी दिवस गेला. खुरपणीत माझा रोज कोण देणार? तो काय एसटीचं भाडं देईल, वावरातलं गवत उपटायला येईल का?" पोरगा हसला, म्हणाला, आजीचं बरोबर आहे.

मग उठता उठता तीच त्याला म्हणाली, "आज तपासायला रगत घेतलं न्हाई का. त्यातलं उरंल. फेकून देण्यापरीस तू घे." त्यानं सांगितलं, आजी, उरलेलं वापरायचं तरी कागद लागतो. एकच पान आहे.

पाच मिनिटं बसली त्या पानासमोर. मला वाचून दाखवायला लावलं, जिथं अडखळलो तिथं परत. शेवटी पोरानं स्टॅम्पपॅड पुढं केलं तर ते बाजूला सारलं. म्हणाली, "अंगठा न्हाई." रात्रीच्या शाळेत शिकलेलं नाव आहे तिला, वापरत नाही कधी. पेन उलटं धरलं होतं, सरळ करून दिलं. गंगाबाई लिहिताना 'बा' चा काना पानाच्या बाहेर गेला.

कॉपी तिनं मागून घेतली. घरी येऊन सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे.